सव्वासातचा हात

कुलथे साहेब सायकलवरून उडाले आणि मेंढरांत पडले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पडले म्हणजे जमिनीवर आलेच नाहीत. कळप इतका दाट होता की साहेब मेंढरांच्या पाठींवरच राहिले आणि मेंढरांनी त्यांना तसंच खिंडीबाहेर आणून सोडलं. डोक्यावर हेल्मेट, पायांत पांढरे बूट, दोन्ही मुठींत लोकर. गावात मी ते अंतर चाळीस पावलं सांगतो. पावलं दोनच होती, पण साहेबांचा चेहरा चाळीस पावलांचा झाला होता.

"ठकूबाई!" पाय टेकल्याबरोबर साहेब ओरडले. "घंटी ऐकू येत नाही का?"

"मला येती की," ठकूबाई म्हणाली. "मेंढरांला इचारा."

"मग शिकवा त्यांना!"

"तुमी शिकिवलं न्हवं आत्ता? आता ध्येनात ठिवतील."

मी हसलो. माझ्या शेजारी उभी असलेली मुक्ता रणदिवे मात्र हसली नाही. तिने वहीत लिहिलं: वेळ सात सोळा, सायकल एक, मेंढरं एकशे वीस, टक्कर. मग वर बघून मला विचारलं, "मामा, चूक कुणाची?"

"खिंडीची," मी म्हणालो. तेव्हा ते मला गमतीत सुचलं होतं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. आमच्या उंबरगव्हाणहून शेलूदला जाणारी नॅरोगेज गाडी त्याआधीच बंद पडली होती. रूळ उचलून नेले, स्लीपर कुणाकुणाच्या गोठ्यांत गेले, आणि मागे नऊ किलोमीटरचा मातीचा बांध उरला. गाव त्याला अजूनही लाईनच म्हणतं. मी त्या लाईनवर एकोणतीस वर्षं चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे पहाटे खांद्यावर हातोडा टाकून आपल्या वाट्याची लाईन चालायची, रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची आणि गाडीच्या वेळेला झेंडे घेऊन उभं राहायचं. रूळ गेले तरी माझं चालणं सुटलं नाही. हळूहळू बाकीचे लोकही यायला लागले. फिरायला येणारे, पळायला येणारे, सायकलवाले, दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे. म्हणून नगरपरिषदेने ठरवलं, मुरूम टाकू, झाडं लावू, सगळ्यांना मिळून वापरता येईल अशी वाट करू. आखणीसाठी पुण्याहून ही मुक्ता आली. तिशीच्या आतली, टोपी घालणारी, खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. बोलण्यापेक्षा विचारायची जास्त.

सगळी वाट दहा फूट रुंद, फक्त तांबडी खिंड सात फूट. दोन्ही अंगांना कातळ, मध्ये वळण. अलीकडच्या तोंडावरून पलीकडचं तोंड दिसत नाही. रुंद करायची तर कातळ फोडावा लागणार, आणि त्याच कातळातून झिरपून खालच्या दोन विहिरींना पाणी जातं. म्हणजे खिंड सातच फूट राहणार, आणि त्यातूनच सगळ्या गावाने जायचं.

कुलथे साहेब तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, प्रभात मंडळाचे अध्यक्ष. मुलाने गियरची सायकल घेऊन दिल्यापासून सायकलवाल्यांचेही तेच. त्याच संध्याकाळी त्यांनी अर्ज ठोकला: खिंडीच्या दोन्ही तोंडांना फिरकीचं फाटक बसवावं. माणूस जाईल, सायकल उचलून नेता येईल, मेंढरू जाणार नाही. मुख्याधिकाऱ्यांनी कळवलं, येत्या शनिवारी मी स्वतः खिंडीवर येतो आणि जागेवर निकाल देतो.

ठकूबाईच्या मेंढरांना पाणी आणि चारा खिंडीपलीकडे, पाझर तलावाच्या अंगाला. खिंड बंद झाली तर हायवेने सहा किलोमीटरचा फेरा. आदल्या वर्षी एकदाच ती त्या फेऱ्याने गेली होती, तेव्हा ट्रकखाली तिची चार कोकरं गेली.

"मंग मेंढरं इकायची," ती मुक्ताला म्हणाली. "दुसरं काय? हायवेला रोज येक घालवण्यापरीस येकदाच समदी घालवावी."

इतकं बोलून तिने कळप हाकला. मुक्ता बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिली.

"मामा, गाडी असताना इथे दोन गाड्या समोरासमोर आल्या तर काय करायचात?"

"येतच नव्हत्या. गोळा होता ना."

"कसला गोळा?"

मी तिला घरी नेलं आणि फळीवरून काढून दाखवला. वेताचं मोठं कडं, त्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. एकेरी लाईनचा तो परवाना. ज्या ड्रायव्हरच्या हातात गोळा, त्याचीच गाडी आत जाणार. गोळा दुसऱ्या टोकाला गेला असेल तर तो परत येईपर्यंत कितीही मोठा साहेब गाडीत असो, चाक हलायचं नाही. लाईन बंद झाली तेव्हा स्टेशनमास्तरांनी रडत रडत तो माझ्या गळ्यात घातला, असं मी सांगतो. खरं म्हणजे तो माझ्या डब्याच्या पिशवीत आपोआप आला.

मुक्ताने गोळा हातावर तोलून पाहिला. कानाशी नेऊन हलवूनही पाहिला.

"आणि मेंढरं? गाड्यांच्या काळातही ती जात होतीच ना? त्यांना गोळा कोण द्यायचं?"

"मेंढरांना कुठला गोळा? हात करायचे."

"कोण?"

"खिंडीच्या वर टेकाड आहे, बघितलंस? तिथून दोन्ही तोंडं दिसतात, शेलूदकडची लाईन पार पुलापर्यंत दिसते. चावीवाला वर उभा राहायचा. लाईन मोकळी असली की हात वर करायचा, खाली ठकूबाईचा सासरा बघायचा, म्हाळूबा. मग मेंढरं आत."

"म्हणजे तुम्ही करायचात! मग गोळा कशाला? एक माणूस टेकाडावर उभा करू. खर्च नाही, काही नाही."

"नाही," मी म्हणालो.

"का?"

"गोळ्याने करायचं असलं तर करू. हाताने नाही."

"अहो, पण का?"

मी तिला माझ्या आत्याच्या शिंकेची गोष्ट सांगितली. त्या शिंकेने शेजारच्या गावची वरात उलटी फिरली होती. गोष्ट चांगली लांब आहे. ती संपेपर्यंत मुक्ताने शेंगदाणे संपवले आणि विचारलं, "मामा, गोष्ट सांगताना तुम्ही हात पाठीमागे का बांधता?"

"खांद्यात कळ येते."

"काल पाण्याचा हंडा उचललात तेव्हा नाही आली ती?"

पोरगी चांगली नव्हती.

रविवारपासून गोळा सुरू झाला. दोन्ही तोंडांना एकेक खुंटी ठोकली. नियम एवढाच: गोळा तुमच्या बाजूच्या खुंटीवर असेल तर तो घ्या, जितके जमले असाल तितके मिळून जा, पलीकडे टांगा. नसेल तर थांबा. कुणीतरी घेऊन येतंच. फाटक नाही, शिपाई नाही, पाटी नाही. अलीकडच्या तोंडाशी एका दगडावर मी, पलीकडे मुक्ता.

पहिल्या दिवशी लोक चिडले. प्रभात मंडळाचे दोघे म्हणाले, फिरायला यायचं आणि उभं राहायचं, हा कुठला व्यायाम? मी म्हटलं, बसा, उभं कशाला राहता? बसले. बसल्यावर गोष्ट लागतेच.

"गोळा न घेता आत गेलं तर काय होतं मामा?"

"काय होतं? एक ड्रायव्हर गेला होता, सव्वासातला. आत गेला तेव्हा इंजिन पुढे आणि डबे मागे. बाहेर आला तेव्हा डबे पुढे आणि इंजिन मागे. शेवटच्या डब्याखाली अकरा मेंढरं मेलेली."

दुसऱ्या दिवशी सव्वासातला गोळ्याविना आत गेलेली वरात सांगितली. नवरा एक नवरी घेऊन शिरला आणि दुसरीच घेऊन बाहेर आला. दोघींपैकी कुणीच तक्रार केली नाही, मात्र आहेर म्हणून आणलेली अकरा मेंढरं खिंडीतच मेली. तिसऱ्या दिवशी अस्वल. अस्वलाने काय केलं ते लहान मुलांसमोर सांगत नाही, पण अकरा मेंढरं त्यातही गेली.

लोक थांबायला लागले. पुढे पुढे तर गोळा खुंटीवर असतानाही थांबायला लागले. ठकूबाईच्या एडक्याच्या शिंगांना हात लावून बघणं, सायकलच्या गियरला हात लावून बघणं, असं सगळं त्या दगडाशी चालायचं. दूधवाल्याने कुलथे साहेबांना सांगितलं की तुमची सीट फार उंच आहे, म्हणूनच तुम्ही उडालात. साहेबांनी सीट उतरवली, कबूल मात्र केलं नाही. मुक्ता रोज लिहीत होती. किती माणसं, किती सायकली, कोण किती मिनिटं थांबलं, टक्कर शून्य.

गुरुवारी ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"मामा, तुमच्या गोष्टी मी लिहून ठेवल्यात."

"छापणार काय?"

"पाच गोष्टी झाल्या. ड्रायव्हर बदलतो, वरात येते, अस्वल येतं. दोन गोष्टी बदलत नाहीत. वेळ सव्वासात आणि मेंढरं अकरा. कधी दहा नाहीत, कधी बारा नाहीत. थापा मारणारा माणूस आकडा वाढवत नेतो. तुम्ही अस्वल वाढवलंत, मेंढरं नाही वाढवलीत."

"विसरलो असेन."

"विसरणारा माणूस आकडा चुकतो. तुम्ही एकदाही चुकला नाहीत."

मी उठलो आणि गोळा नसतानाच खिंडीत शिरलो. मागून तिने हाक मारली, "मामा, गोळा!" तेव्हा परत येऊन दगडावर बसावं लागलं. नियम मीच केला होता.

शनिवारी मुख्याधिकारी आले. तरुण होते, बूट मुरमात मळू नयेत म्हणून जपून चालत होते. प्रभात मंडळ पुरं हजर, सायकलवाले हजर. सात वाजता ठकूबाईने नेहमीसारखा गोळा घेतला, कळप घेऊन आत गेली, पलीकडे निघाली. आता पलीकडून कुणीतरी गोळा आणेल म्हणून आम्ही सगळे थांबलो.

कुणी आणेना.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. पलीकडून मुक्ताचा आवाज आला, "मामा, गोळा इकडे नाहीये! तुमच्याकडे आहे का?"

"इकडे कुठला!"

गोळा एडक्याच्या गळ्यात गेला होता. ठकूबाईने हातात काठी, काखेत कोकरू म्हणून वेताचं कडं त्याच्या शिंगांवरून गळ्यात सरकवलं, आणि एडका खुंटीशी न थांबता थेट तलावाकडे चालता झाला. ठकूबाई लंगड्या कोकराच्या नादात मागे राहिलेली, तिच्या ते लक्षातच आलं नाही, आणि कळपाच्या गर्दीत मुक्तालाही ते दिसलं नाही.

अलीकडे सतरा माणसं, पलीकडे नऊ. मध्ये दोनशे पावलांची रिकामी खिंड. मुख्याधिकारी घड्याळ बघत होते.

"बघा साहेब, ही यांची पद्धत," कुलथे साहेब म्हणाले. "एका मेंढ्याने अख्खं गाव अडवलं."

पलीकडे मुक्ताने काय केलं असेल? टेकाड चढून आडवाटेने आमच्याकडे उतरली. धापा टाकत तिने पहिल्यांदा माणसं मोजली.

"सतरा. पस्तीस मिनिटं," ती मुख्याधिकाऱ्यांना म्हणाली. "फाटक नाही, कुलूप नाही, दंड नाही. आणि एकही माणूस आत गेला नाही. कुलथे साहेब, तुम्हीसुद्धा."

सगळे हसले. साहेब स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले. खरंच, त्यांचे दोन्ही पाय सगळा वेळ खिंडीच्या तोंडाबाहेरच होते. मुख्याधिकारीही हसले आणि मला वाटलं, जिंकलो.

पण साहेबांना तो हशा लागला. त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून एक कागद काढला. जुन्या टाईपरायटरवरचा, झेरॉक्स केलेला.

"हसा. कचेरीत चाळीस वर्षं काढली आहेत मी, कागद कुठे सापडतो ते मला माहीत आहे. याच खिंडीतल्या अपघाताची चौकशी. वाचतो. सकाळी सव्वासातच्या गाडीखाली अकरा मेंढ्या मृत. गाडीस मोठा धोका संभवला. कारण, धनगर म्हाळू गेनू कोळपे याने इशाऱ्याची वाट न पाहता निष्काळजीपणे कळप खिंडीत घातला. चावीवाल्याने इशारा दिला नव्हता असे त्याच्या जबानीवरून सिद्ध." त्यांनी कागद मुख्याधिकाऱ्यांच्या हातात दिला. "याच घरातल्या मेंढ्या, हीच खिंड. थांबा म्हटलेलं तेव्हाही ऐकलं नाही. उद्या मेंढ्यांऐवजी एखादं मूल गेलं तर सही कुणाची असेल?"

एवढ्यात ठकूबाई खिंडीतून बाहेर आली. तलावावरून पळत परत आलेली, खांद्यावर वेताचं कडं. सासऱ्याचं नाव तिने ऐकलं होतं. गोळा खुंटीवर न टांगता ती तशीच उभी राहिली.

मुख्याधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. "बाई, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण हे रेकॉर्डवर आहे. एवढं दिसत असताना मी परवानगी दिली आणि काही झालं, तर मी काय उत्तर देऊ? फाटक बसवावं लागेल."

कडं खांद्यावरून काढून ठकूबाईने माझ्यापुढे धरलं. "घ्या दादा. चुकून गेलं हुतं."

मी ते घेतलं नाही. माझे हात पाठीमागे होते.

"साहेब," मी म्हणालो, "तो कागद खोटा आहे."

"मामा, आज कुठली गोष्ट?" मंडळातलं कुणीतरी म्हणालं आणि दोघेतिघे हसले.

"तेव्हा रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची झोपडी वर टेकाडावर होती. त्या दिवशी तिघे जण तिथे चहा करत होते. मला गाडीवर नजर ठेवायची होती आणि खाली म्हाळूबा माझ्या हाताकडे बघत उभा होता. मी मात्र त्या तिघांना गोष्ट सांगत होतो. शेलूदच्या पुलावर नाग रुळांत उभा राहिला आणि त्याने गाडी थांबवली, ती. पुंडलिक म्हणून एक होता, तो म्हणाला, उभा राहिला म्हणजे केवढा?"

मग मी हात सोडवले आणि उजवा वर केला. तेवीस वर्षांनी.

"मी म्हटलं, एवढा."

"नाग!" कुलथे साहेब म्हणाले. "ऐका साहेब. आता नागावर ढकललं."

"डुलत होता का हो मामा?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला. मुख्याधिकाऱ्यांनीही ओठ दाबले. मी हात वर करून उभा होतो आणि मला तो खाली घेता येईना. आयुष्यभर ज्यांना हसवलं, ते माझं एकच खरं बोलणं ऐकून हसत होते. त्यांची काय चूक?

"झेंडा होता हातात?" मुक्ताने विचारलं. ती हसत नव्हती.

"होता. गुंडाळलेला. म्हाळूबाला झेंडा लागायचा नाही. हात पुरायचा."

"आणि चौकशीत?"

"साहेबांनी विचारलं, तू इशारा दिलास? मी म्हटलं, नाही. मी इशारा दिलाच नव्हता, मी नाग दाखवला होता. म्हाळूबा समोर उभा होता. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला. त्याला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

"गोष्ट चांगली जमली आहे," कुलथे साहेब म्हणाले. "पण पुरावा?"

"गप बसा समदी," ठकूबाई म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, तरी हसणं थांबलं.

"मामंजी मरस्तवर येकच सांगत हुतं. चावीवाल्यानं हात वर केला हुता. जेवताना सांगायचं, तापात सांगायचं. माजा मालक म्हनायचा, बा, सायबानं कागदावर लिवलंय, तुजं काय घिऊन बसलास. मी बी म्हनायची, म्हातारं आपली चूक झाकतंया. त्या दिसापासनं त्यांनी काठी धरली न्हाई. खिंडीकडं तोंड करून बसायचं बी न्हाई. घरातल्या लाजंपायी आमी ह्ये कुनाला बोललो न्हाई. ह्या मानसाला तर कंदीच न्हाई." तिने माझ्या वर राहिलेल्या हाताकडे पाहिलं. "मंग ह्याला कसं ठावं, हात वर केल्याचं?"

मुख्याधिकारी माझ्याकडे वळले.

"नवले, हे लिहून द्याल?"

"देतो."

मुक्ताने वहीचं मधलं पान फाडलं. मी सांगितलं, तिने लिहिलं, मी सही केली. सोपान धोंडिबा नवले, चावीवाला. अर्धं पान झालं. नागाचं वाक्य लिहिताना ती थांबली आणि हळूच म्हणाली, "मामा, नाग खरा होता?"

"नाही."

"तेही लिहू?"

"लिही."

कुलथे साहेबांनी ते पान मागून घेतलं, चष्मा वर करून वाचलं, सहीखाली तारीख नाही हे दाखवून दिलं आणि तारीख घालून घेतली. मग आपली झेरॉक्स चार घड्या करून हेल्मेटमध्ये कोंबली.

"सात ते साडेसात मेंढरं जातील," ते मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले, जणू हे त्यांचंच पहिल्यापासून म्हणणं होतं. "तेवढा वेळ मंडळ बाहेर थांबेल. पण गोळा मेंढ्याच्या गळ्यात घालायचा नाही. हे लेखी पाहिजे."

लेखी झालं. फाटक बसवायचं राहिलं ते राहिलंच.

माणसं पांगली तशी मी ठकूबाईजवळ गेलो. काय म्हणावं ते इतकी वर्षं ठरवून ठेवलेलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"ठकूबाई, म्हाळूबा असता तर..."

"न्हाईती," ती म्हणाली. "त्यांच्यासाटी आता काय बी करू नगा. त्यांला आमी घरच्यांनीच खोटं पाडलं, त्ये आमचं आमी बघू." मग गोळा खुंटीवर टांगला. "ह्यो गोळा लोकांला ऱ्हाऊ द्या. माजी मेंढरं गोळ्यावर जायाची न्हाईत. उद्या सव्वासातला टेकाडावर या."

"कशाला?"

"हात करायला. तुमी हात केल्याबिगर मी आत जायाची न्हाई."

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच मी वर जाऊन बसलो. गँगच्या झोपडीचे चार दगड अजून तिथेच होते. सातला खाली कळप आला. ठकूबाई खिंडीच्या तोंडाशी, जिथे म्हाळूबा उभा राहायचा त्याच जागी थांबली आणि मान वर करून बघायला लागली. मी अलीकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं. पलीकडे कुलथे साहेब दोन सायकलवाल्यांना हाताने मागे रेटत होते. गाडी येणार नव्हती, वीस वर्षांत आली नव्हती, तरी मी पुलापर्यंत पाहिलं. पुन्हा अलीकडे पाहिलं. हात जड झाला होता. खाली ती हललीच नाही, एकशे वीस मेंढरं थांबवून नुसती बघत राहिली.

सव्वासातला मी हात वर केला.

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग तोंडाने आवाज केला आणि कळप आत शिरला. वळणापाशी दिसेनासा झाला, पलीकडे निघाला. मी वरून मोजला. पुरता होता.

आता माझं वय ब्याऐंशी. वाटेला मुरूम आहे, झाडं आहेत, बसायला बाकं आहेत. मुक्ताने आणखी तीन गावांत अशा वाटा आखल्या आणि दोन ठिकाणी गोळा लावला, असं तिने कळवलं आहे. ठकूबाईचे गुडघे गेले, कळप आता तिची सून आणते. तिला मागचं काही सांगितलेलं नाही, तरी तीही तोंडाशी थांबते आणि वर बघते. टेकाडाला मंडळाने पायऱ्या करून दिल्या आहेत. मी त्या सत्तर सांगतो.

दगडाशी अजून लोक थांबतात, अजून गोष्टी होतात. नाग केवढा होता, असं कुणीतरी विचारतंच. मी तोंडाने सांगतो, हवा तेवढा उंच सांगतो. हात पाठीमागे असतात. त्यांना दिवसातून एकच काम आहे.